कौतुक नव्हे, शिकवण्याची रीत

थोर माणसे गुरुजनांची आठवण सांगतात तेव्हा ती सत्कारापुरती असते, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते, कारण ज्या आठवणीत शिकवण्याची रीत तपशिलाने येते, ती नुसत्या सौजन्यातून येत नाही. डॉ. अब्दुल कलाम रामेश्वरमच्या शिवसुब्रमण्यम अय्यर या शिक्षकांविषयी सांगत, तेव्हा ते गुणगान कमी आणि प्रसंग अधिक सांगत. पक्षी कसा उडतो हे फळ्यावर काढून दाखवूनही मुलांना उमगले नाही, म्हणून अय्यरांनी वर्ग समुद्रकिनाऱ्यावर नेला आणि उडणारे पक्षी प्रत्यक्ष दाखवले. आपल्या आयुष्याची दिशा तिथे ठरली, असे कलाम म्हणत. सचिन तेंडुलकर यांनी 2013 च्या निरोपाच्या भाषणात रमाकांत आचरेकर सरांनी आपल्याला कधीही ‘छान खेळलास’ म्हटले नाही, हे आवर्जून सांगितले होते.

आपल्या विदर्भातले उदाहरण तर याहून जवळचे आहे. यावलीच्या माणिकला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी दिलेले ‘तुकड्या’ हे नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी जन्मभर आपल्या भजनांतून मिरवले. (पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला मोठे वाटते.)

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील दोनशिक्षकी शाळेत गुरुजींनी शेकडेवारी शिकवली ती वडिलांच्या कापूस विक्रीच्या पावतीवरून; त्या दिवशी तोलाई आणि हमालीची कपात घरात प्रथमच कोणीतरी पडताळून पाहिली.