ज्वाला गुट्टाची करिअर नेमकी कशी होती? (आणि मुलीला डबल्सला टाकावं का)

अनघा_नाशिक
मंडळी, जरा मदत हवीये. लेक अंडर-१५ बॅडमिंटन खेळते, सिंगल्समध्ये जिल्ह्याला दुसऱ्या-तिसऱ्या राउंडपर्यंत जाते आणि तिथेच अडकते. परवा सर म्हणाले हिचा नेटवरचा हात चांगलाय, रिफ्लेक्स चांगलेत, डबल्सला टाका. आमच्या घरात लगेच महाभारत, कारण अहोंचं म्हणणं डबल्स म्हणजे ज्यांना सिंगल्स जमलं नाही त्यांची सोय. मी म्हटलं अहो ज्वाला गुट्टा होती की, तर म्हणे ती फक्त भांडायची, जिंकली काय? आणि खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. २०१० चं काहीतरी गोल्ड एवढंच आठवतंय. कोणी नीट फॉलो केलंय का? भक्ती नको आणि शिव्याही नकोत, काय जिंकली आणि काय राहिलं ते सांगा.

शटलवेडा
अहोंना सांगा बसा, मी सांगतो 😄

२०१० दिल्ली कॉमनवेल्थ, सिरी फोर्ट, १४ ऑक्टोबर. ज्वाला-अश्विनी पोनप्पा विरुद्ध सिंगापूरची शिंता मुल्या सारी आणि याओ लेई, २१-१६, २१-१९. कॉमनवेल्थमध्ये विमेन्स डबल्सचं भारताचं पहिलं गोल्ड. त्याआधी १९७८ ला एडमंटनला अमी घिया आणि कंवल ठाकर सिंग यांचं ब्रॉन्झ होतं, म्हणजे मध्ये ३२ वर्षं गेली. पण त्याच दिवशी सायनाचंही गोल्ड आलं, मग दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो कोणाचा हे सांगायला नकोच.

२०११ वर्ल्ड चॅम्पियनशिप, लंडन, ब्रॉन्झ. हे लोकांना माहीतच नसतं. प्रकाश पदुकोणला १९८३ मध्ये मिळालं होतं, त्यानंतर भारताचं वर्ल्ड्समधलं थेट हे मेडल, आणि भारतीय बायकांचं तर पहिलंच. सायना-सिंधूच्या आधी! सेमीला चीनच्या तियान किंग आणि झाओ युनलेईकडून हरल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या दोघींनी ऑलिम्पिक गोल्ड घेतलं, तेव्हा हरल्या त्या काही ऐऱ्यागैऱ्यांकडून नाही.

अश्विनीच्या आधी बरीच वर्षं श्रुती कुरियनबरोबर नॅशनल्स मारत होती, सगळी नॅशनल टायटल्स धरून आकडा १४ सांगतात. मिक्स्डमध्ये व्ही. दिजूबरोबर २००९ ला सुपर सिरीज मास्टर्स फायनल्सची फायनल खेळली. २०१४ ग्लासगोला कॉमनवेल्थ सिल्व्हर, २०१५ ला कॅनडा ओपन टायटल. रिओ ऑलिम्पिकला मात्र तिन्ही ग्रुप मॅच गेल्या, ते मान्य करायलाच हवं.

वर्धेकर
एक राहिलं भाऊ. पोरगी जन्माने आमच्या वर्ध्याची आहे, ७ सप्टेंबर १९८३. वडील तेलुगू, आई येलन चिनी. वाढली हैदराबादला, एस. एम. आरिफ सरांकडे शिकली, म्हणून आम्हाला मिरवता येत नाही एवढंच. तरी आमच्या पानठेल्यावर २०१० ला दोन दिवस हाच विषय होता, ज्याने आयुष्यात रॅकेट धरली नाही तोही "आपली वर्ध्याची" म्हणत होता.

कटुसत्य७१
खेळाबद्दल वाद नाही, पण तोंड आवरलं असतं तर अजून काही झालं असतं असं माझं मत. सारखं फेडरेशनशी वाजलेलं, कोचशी वाजलेलं.

शटलवेडा
@कटुसत्य७१ वाजलं कशावरून तेही सांगा ना. २०१३ ला आयबीएलमध्ये (इंडियन बॅडमिंटन लीग) ती आयकॉन प्लेयर, आणि ऐन ऑक्शनच्या वेळी तिची आणि अश्विनीची बेस प्राईस ५० हजार डॉलरवरून निम्मी केली. का, तर डबल्सवाल्या मुलींना मागणी नाही. अश्विनी त्या वर्षी आपल्या पुण्याच्या टीमकडून खेळली. नंतर लीगमधल्याच एका मॅचवरून वाद झाला आणि शिस्त समितीने ज्वालावर थेट आजीवन बंदीची शिफारस केली, आजीवन! दिल्ली हायकोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे खेळायला मिळालं. आता यात तोंड आवरून काय झालं असतं?

आणि २०१४ चा उबर कप (बायकांची देशादेशांची टीम स्पर्धा) बघा. दिल्लीतच होता, भारताला ब्रॉन्झ मिळालं. जपानबरोबर सेमी २-३ अशी गेली. सायना-सिंधू आपापल्या सिंगल्स जिंकल्या, बाकी तीन गेल्या, त्यातली एक ज्वाला-अश्विनीचीही होती, ते लपवत नाही. पण शेवटच्या निर्णायक डबल्सला कोण उतरलं? सायना आणि सिंधू! दोन सिंगल्सवाल्या जोडी करून. डबल्सची दुसरी जोडीच नव्हती हो आपल्याकडे त्या लेव्हलची. ज्वाला वर्षानुवर्षं हेच बोंबलत होती.

फ्रंटकोर्ट_मीनल
मी पंधरा वर्षं क्लबला डबल्स खेळतेय म्हणून तिच्या खेळाबद्दल लिहिते, मेडलं वरती आलीच आहेत. ज्वाला डावखुरी, अश्विनी उजवी. अशा जोडीत दोघींचे फोरहँड बाहेरच्या लाईनींवर किंवा दोघींचे मधे येतात, समोरच्यांना बॅकहँड शोधत बसावं लागतं. मागून अश्विनी धडाधड स्मॅश मारायची आणि पुढे ज्वाला नेटवर रॅकेट वर धरून उभी. तिची सर्व्हिस बघा यूट्यूबवर. शटल नेटच्या वरच्या पट्टीला चाटून जायचं आणि समोरची पुढे झुकली रे झुकली की त्याच हालचालीत फ्लिक मागे. पाय तिचे फार चपळ कधीच नव्हते, सिंगल्समध्ये ती उघडी पडली असती. पण डबल्सला वेगळी अक्कल लागते, शटल कुठे येणार ते अर्धा सेकंद आधी कळावं लागतं. आमच्या क्लबला पण कित्येक वर्षं चांगलं कोर्ट सिंगल्सवाल्या पोरांना आणि आम्हाला कोपऱ्यातलं, ट्यूबलाईट फडफडणारं. असो.

लंडन ऑलिम्पिक कोणी लिहिलंच नाही! २०१२. ती डबल्स आणि मिक्स्ड दोन्हीला क्वालिफाय झालेली. विमेन्स डबल्सला जपानकडून हरल्या, मग तैपेईच्या (तैवान) चेंग आणि चिएनला २५-२३, १६-२१, २१-१८ असं हरवलं (ती मॅच मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत फोनवर स्कोअर रिफ्रेश करत "बघितली"), मग सिंगापूरला सरळ दोन गेममध्ये. आणि जपान शेवटची मॅच तैपेईकडून हरलं. तिन्ही जोड्यांचे दोन-दोन विजय, गेमचा हिशोबही जपानशी बरोबरीत, मग पॉइंट्सचा फरक मोजला. आपला +३, त्यांचा +४. एक पॉइंट! भारताने त्या मॅचबद्दल तक्रार केली, ती फेटाळली. आणि त्याच दिवशी वेम्बलीला चीन, कोरिया, इंडोनेशियाच्या चार जोड्या पुढे सोपा ड्रॉ मिळावा म्हणून मुद्दाम हरण्यासाठी सर्व्हिस नेटमध्ये मारत होत्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या बाद. जपानची तीच जोडी, फुजी आणि काकीवा, पुढे सिल्व्हर घेऊन गेली. या सगळ्या तमाशानंतर नियम बदलला, आता ग्रुपमध्ये दुसऱ्या आलेल्यांसाठी परत ड्रॉ काढतात.

अनघा_नाशिक
बाप रे, एक पॉइंट! २५-२३ वाला गेम २१-१९ ला संपला असता तरी फरक तेवढाच राहिला असता म्हणा, पण कुठेतरी एकच जास्त... अहोंना मोठ्याने वाचून दाखवलं, "हम्म" एवढंच आलंय, आमच्याकडे हे बरंच समजायचं. मीनलताई, लेक उजवी आहे, डावखुरी पार्टनर शोधू का?

फ्रंटकोर्ट_मीनल
डावखुरी मिळाली तर सोडू नका, पण त्यासाठी अडून बसू नका. सरांना सांगा आधी सर्व्हिस आणि सर्व्हिस रिसीव्ह, रोज शंभर-शंभर. स्मॅश सगळ्याच पोरी घोटतात. आणि आता वातावरण ज्वालाच्या वेळेसारखं नाही, ट्रीसा जॉली आणि गायत्री गोपीचंद २०२२ आणि २०२३ अशा लागोपाठ ऑल इंग्लंड स्पर्धेच्या सेमीला गेल्यात, अश्विनी तर तनिषा क्रास्टोला घेऊन पॅरिस ऑलिम्पिक खेळली.

वर्धेकर
आणि ज्वालाची स्वतःची अकॅडमी आहे हैदराबादला. तिथे गेलात तर वर्ध्याचा नमस्कार सांगा.