पोस्टिंगवरचे फोटो: बंदी कशावर हवी, कॅमेऱ्यावर की टाकण्यावर?

जुळेसोलापूरकर
मोहोळकडं एका गावात जत्रेला गेलतो, वेशीत भला मोठा फ्लेक्स. गावातला जवान, हातात रायफल, मागं दगडी मोर्चा म्हणजे बंकर, त्याच्या मागं डोंगराची धार एकदम क्लिअर, खाली नाव, रेजिमेंट आणि वर सेक्टरपण छापलेला. बाजूला शुभेच्छुकांचे गॉगलवाले फोटो ते वेगळेच. आता २०२० च्या जुलैत आर्मीनं ८९ अ‍ॅप डिलीट करायला लावली, फेसबुक इन्स्टा सगळं, एक अधिकारी दिल्ली हायकोर्टात गेला तर तिथंपण हरला. ठीक. पण हा फ्लेक्स कुठल्या अ‍ॅपनं छापला? पोरानं घरच्या ग्रुपवर टाकला, चुलतभावानं फ्लेक्सवाल्याला दिला, झालं. माझं म्हणणं एवढंच की फोटो काढू द्या, पण पोस्टिंग संपेपर्यंत बाहेर जाऊ देऊ नका, आणि त्याआधी युनिटमध्ये कुणीतरी बघून पास करा. सरसकट बंदीनं फोटो थांबत नाहीत, फक्त लपून काढले जातात.

माजी_हवालदार
साहेब, तुम्हाला जे बॅकग्राउंड वाटतं ना तोच पत्ता असतो. धार, नाल्याचं वळण, टॉवर, सॅटेलाइट फोटोशी जुळवलं की घरबसल्या जागा सापडते. २०१४-१५ ला युक्रेनमधले रशियन सैनिक सेल्फी टाकत बसले आणि त्यावरून लोकांनी कोण कुठं होता ते शोधून काढलं, शेवटी २०१९ मध्ये रशियानं कायदाच केला की ड्युटीवर स्मार्टफोन नको. २०१८ ला स्ट्राव्हा ह्या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशात तर फोटोपण नव्हता, नुसती पळायची रेघ, तरी अफगाणिस्तानातले तळ उजळून दिसले. काढणाऱ्याला कळतच नाही आपण काय दिलं ते. म्हणून नियम सरसकटच पाहिजे.

कोर्टाच्या_कट्ट्यावरून
थोडं कायद्याचं. घटनेच्या कलम ३३ नं सैनिकांचे मूलभूत हक्क कमी करायचा अधिकार संसदेला आहे, आर्मी अ‍ॅक्टचं कलम २१ आणि १९५४ च्या रूल्समधला नियम २१ त्यातूनच आलेत. परवानगीशिवाय 'सर्व्हिस इन्फर्मेशन' प्रसिद्ध करायची नाही. भानगड अशी की ह्या दोन शब्दांत मोर्च्याचा नकाशापण बसवता येतो आणि लंगरातली, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातली पातळ डाळपण. सीक्रसी आणि इज्जत ह्यात फरक कोण करणार?

बार्शीची_सून
माझे मिस्टर फिल्डमध्ये आहेत म्हणून बोलते. ते फोटो पाठवतात तेव्हा मागं आपली सोलापुरी चादर टांगलेली असते, पुढं ते आणि मांडीवर शेंगाचटणीचा डबा, बस. ना डोंगर ना बिल्ला, बाह्यांवरचं पण दिसत नाही. हे त्यांना कुणी आदेश काढून शिकवलं नाही, एका सिनियर सुभेदार साहेबांनी दाखवलं. घरच्यांना मात्र कुणीच काही सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर लोकेशन निघून जातं पण क्वालिटी पाहिजे म्हणून डॉक्युमेंट करून पाठवला तर तसंच राहतं, हे माझ्या दिराला मी सांगितलं तेव्हा कळलं. माझ्या मते फ्लेक्सवाल्यांचीच मीटिंग घ्या आधी.

माजी_हवालदार
वहिनी, सुभेदार साहेबांना सलाम. पण सगळ्यांना असा सुभेदार मिळत नाही ना.

भीमाकाठ
हवालदार साहेब, सरसकट बंदी असती तर माय लाय जगाला दिसलं असतं का? मार्च १९६८, व्हिएतनाम, अमेरिकन सैनिकांनी त्या गावातली निःशस्त्र माणसं मारली, आणि रोनाल्ड हेबर्ली त्याच आर्मीचा फोटोग्राफर. सरकारी कॅमेऱ्यातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो आर्मीकडं गेले, स्वतःच्या कॅमेऱ्यातले रंगीत त्यानं ठेवले आणि नोव्हेंबर १९६९ मध्ये छापून आले ते हेच. आर्मीच्या कॅमेऱ्यात ते हत्याकांड नव्हतंच.

जुळेसोलापूरकर
बघा, वीस महिन्यांनी आले, कुणाच्या जीवाला त्यानं धोका झाला नाही. मी उशिरा टाका म्हणतोय ते हेच.

माजी_हवालदार
व्हिएतनामातलं गाव आणि आपली पोस्ट एक नाही ओ. पलटण बदलते, पोस्ट तिथंच असते. तुमचा जवान सुट्टीवर आला, फोटो टाकला, आणि त्याच मोर्च्यात आज दुसऱ्याच्या घरचा पोरगा बसलाय. किती उशीर म्हणजे पुरे उशीर, सांगा की.

जुळेसोलापूरकर
हे मात्र पटलं, मोर्च्याचा फोटो कधीच नको, वर्षानं पण नको. पण २०१७ ला बीएसएफच्या जवानानं जेवणाचा व्हिडिओ टाकला, त्यात करपलेली पोळी आणि डाळ होती, तरी नोकरी गेली. तिथं सिक्युरिटी कुठं आडवी आली?

माजी_हवालदार
त्याच्यासाठी सीओ म्हणजे युनिटचा मुख्य अधिकारी असतो, त्याच्यासमोर सगळ्या जवानांचा दरबार भरतो. उभं राहायचं आणि बोलायचं. फेसबुक हा दरबार नाही.

बार्शीची_सून
दरबारात डाळीबद्दल उठून बोललेला जवान तुम्ही तुमच्या नोकरीत बघितला का? खरं सांगा.