प्रति : उष्णता आणि मनाचा खंबीरपणा
वाढत्या उन्हात मन स्थिर ठेवायला प्राणायाम आणि शिस्तीची दिनचर्या पुरेशी आहे, हे या चर्चेतील एका प्रतिसादात मांडलेले मत शहरी नोकरदारापुरते मान्य करता येईल, कोरडवाहू शेतकऱ्याबाबत नाही. अर्थशास्त्रज्ञ टॅमा कार्लटन यांनी भारतातील आत्महत्यांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासून 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिकाच्या हंगामातील 20 अंशांवरील उष्णतेबरोबर आत्महत्या वाढताना दिसल्या. हंगामाबाहेरच्या उष्णतेचा तसा परिणाम आढळला नाही. याचा अर्थ, हा ताप प्रामुख्याने बुडालेल्या पिकाच्या आणि थकलेल्या कर्जाच्या वाटेने घरात शिरतो, आणि तिथे दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला (सद्हेतूने दिलेला असला तरी) तोकडा पडतो.

चर्चेत न आलेली एक गोष्ट अमरावती जिल्ह्यातील आहे. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमात स्थानिक आरोग्य कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखण्याचे आणि धीर देण्याचे प्रशिक्षण देऊन, गरजूंना समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञांशी जोडले गेले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांपर्यंत गेले. पीकविम्याची भरपाई वेळेवर मिळण्याइतकीच ही व्यवस्थाही मला निकडीची वाटते. तोवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिता येईल.