साच्याच्या कुकीज पसरतात, गोळा फाटतो. नाताळची शंभरेक कुकीजची तयारी किती दिवस आधी करता येईल?

पिठीसाखर
नाताळसाठी दोन प्रकार करायचेत: साच्याने कापून वर आयसिंग केलेल्या साधारण ६०, आणि चॉकलेट चिप घातलेल्या ४०. साच्याच्या कुकीजचं प्रमाण ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, १ चमचा बेकिंग पावडर. यात ३५ च्या आसपास होतात, म्हणजे दोनदा भिजवावं लागेल.

अडचणी अशा: गोळा दोन तास फ्रिजमध्ये ठेवून काढला की दगड होतो आणि लाटताना कडांना चिरा जातात. थोडा वेळ बाहेर ठेवला तर लाटण्याला नि साच्याला चिकटतो. चांदणीची टोकं भाजताना गोल होतात. आणि दुसऱ्या ट्रेमधल्या कुकीज पहिल्या ट्रेपेक्षा हमखास जास्त पसरतात. ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावतो. कुठलं काम आधी उरकून ठेवता येईल?

लाटणं_आधी
क्रम उलटा करा. आधी लाटायचं, मग गार करायचं. गोळा एकत्र आला की त्याचे दोन भाग करा, प्रत्येक भाग पार्चमेंट पेपरच्या (भाजायला वापरतात तो न चिकटणारा कागद) दोन तावांमध्ये ठेवून लगेच ५ मिलिमीटर जाडीचा लाटा. तेव्हा बटर मऊ असतं, म्हणून चिरा जात नाहीत, आणि वर-खाली कागद असल्याने मैदा भुरभुरावा लागत नाही. हा वरचा मैदाच कुकी कोरडी करतो. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर उंचीच्या पट्ट्या ठेवा आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवा. कडा पातळ आणि मधला भाग जाड राहिला तर कडा करपेपर्यंत मध्य कच्चाच असतो.

मग कागदासकट सपाट ट्रेवर एकावर एक रचून फ्रिजमध्ये तासभर किंवा फ्रीझरमध्ये २० मिनिटं. कापायच्या आधी वरचा कागद सोडवून नुसता परत ठेवा, पोळी उलटी करा आणि आता वर आलेला कागद काढून टाका. खालचा कागद आधीच सुटलेला असतो, त्यामुळे कापलेले आकार अलगद उचलले जातात.

उरलेल्या तुकड्यांचा गोळा करून पुन्हा लाटता येईल, पण दोनदाच. त्यापुढे मैद्याला चिवटपणा येतो आणि कुकी भाजताना आक्रसते.

तुमच्या प्रमाणाबद्दल: त्यात बटर मैद्याच्या दोन तृतीयांश आहे आणि वर बेकिंग पावडर. टोकं गोल होणारच. मैदा ३५० ग्रॅम करा, बांधणीसाठी १ अंड्याचा पिवळा बलक घाला (अंडं नको असेल तर २ मोठे चमचे दूध) आणि बेकिंग पावडर काढून टाका. कापलेले आकार ओव्हनमध्ये जाण्याआधी १० मिनिटं पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा. बटर वितळायच्या आत कडा धरल्या गेल्या पाहिजेत, सगळं कौशल्य तेवढ्यातच आहे.

मंद_आच
बेकिंग पावडर पूर्ण काढली तर कुकी जरा घट्ट लागते. पाव चमचा ठेवली तरी आकार टिकतो, फक्त फ्रीझरची १० मिनिटं चुकवू नका.

दुसरा ट्रे पसरण्याचं कारण साधं आहे. ट्रे गरम असतो, ओव्हनमध्ये जाण्याआधीच खालचं बटर वितळायला लागतं. दोन ट्रे आळीपाळीने वापरा. एकच असेल तर कुकीज आधीच पार्चमेंटच्या तावांवर मांडून ठेवा, ट्रे पूर्ण गार झाला की ताव त्यावर सरकवा. तापलेला ट्रे नळाखाली धरू नका, पत्रा वाकडा होतो आणि मग कुकीज कायमच्या एका बाजूला घसरतात. मेणाचा कागद लाटायला चालेल, पण ओव्हनमध्ये अजिबात नको. मेण वितळून धूर येतो.

तापमान १७५ अंश, ५ मिलिमीटरच्या कुकीला १० ते १२ मिनिटं. ओव्हनचा आतला पंखा चालू असेल तर १५ ते २० अंश कमी. ओव्हनचा तापमान दाखवणारा दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती नव्हे. एकूण २० मिनिटं तापू द्या. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्याच, कारण बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत बरंच अंतर असू शकतं. लहान ओव्हनमध्ये खालची कॉइल जवळ असते. बूड करपत असेल तर एकात एक असे दोन ट्रे घाला. अर्ध्या वेळाने ट्रे फिरवा. लहान-मोठे आकार एका ट्रेवर मिसळू नका.

कडा फिकट सोनेरी झाल्या की बाहेर काढा. मध्य मऊ वाटेल, तो ट्रेवर ५ मिनिटांत धरतो. मग जाळीवर.

पिठीसाखर
चिपच्या कुकीजचा गोळाही असाच लाटून ठेवायचा का? आणि आयसिंग किती आधी करावं?

गोळे_फ्रीझरमध्ये
चिपच्या कुकीज लाटायच्या नाहीत. गोळा २४ तास फ्रिजमध्ये मुरू द्या. मैदा ओलावा नीट शोषतो, पसरणं कमी होतं आणि चवही खुलते. मग प्रत्येकी ३० ग्रॅमचे गोळे वळून ट्रेवर सुटे गोठवा, दोन तासांनी हवाबंद पिशवीत भरा. दोन महिने सहज टिकतात. भाजताना वितळवू नका, तसेच ओव्हनमध्ये घाला आणि २ मिनिटं जास्त द्या. लाटलेल्या पोळ्याही घट्ट गुंडाळून महिनाभर फ्रीझरमध्ये राहतात.

दोन्ही प्रकारांना लागू: मैदा वजन करूनच घ्या. चमच्याने भरलेला कप १२५ ग्रॅमचा, डब्यात बुडवून भरलेला १५० पर्यंत जातो. तीन कपांत ७५ ग्रॅमचा फरक, चिरा तिथूनच सुरू होतात. बटर बोट दाबल्यावर खड्डा पडेल इतकंच मऊ हवं, १८ ते २० अंश. चकाकायला लागलं की फार मऊ झालं. मायक्रोवेव्हमध्ये ते मधून वितळतं, त्यापेक्षा छोटे तुकडे करून अर्धा तास बाहेर ठेवा.

लाटणं_आधी
आयसिंग भाजण्याच्या दुसऱ्या दिवशी. कोमट कुकीवर घातलं तर ते ओघळतं. १ अंड्याच्या पांढऱ्याला १७५ ग्रॅम चाळलेली पिठीसाखर घ्या. ते कच्चंच खाल्लं जातं, म्हणून पाश्चराइज केलेलं पांढरं किंवा मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड) वापरा. कडेच्या रेषेसाठी दाट ठेवा. आत भरण्यासाठी थेंब-थेंब पाणी घाला, सुरीने ओढलेली रेघ १५ सेकंदांत मिटली की थांबा. वाटीवर ओलं फडकं हवंच, नाहीतर वर पापुद्रा येतो आणि आयसिंग भरलेल्या कोनाचं तोंड बुजतं. एकावर एक रचण्याआधी रात्रभर उघड्यावर वाळू द्या, घाई केली तर गडद रंग पांढऱ्यात उतरतो. आयसिंग केलेल्या कुकीज फ्रिजमध्ये नकोत, दमटपणाने डाग पडतात.

म्हणजे भाजणं चार दिवस आधी, आयसिंग तीन दिवस आधी. चिपच्या कुकीज आदल्या दिवशी भाजा आणि वेगळ्या डब्यात ठेवा. एकाच डब्यात भरल्या तर त्यांचा ओलावा साच्याच्या कुरकुरीत कुकीज शोषून घेतात.