उन्हाळी भेंडी-दोडका नेमका कधी तोडायचा?

सोलापूरची गच्ची:
फेब्रुवारीत ग्रो बॅगमध्ये भेंडी, दोडका, काकडी आणि टोमॅटो लावले. सगळं छान धरलंय, पण आता पारा चाळिशीच्या वर गेलाय. आज भेंडी बोटाएवढी दिसते म्हणून राहू द्यावी, तर परवा ती सुरीला दाद देत नाही. दोडक्यात जाळी धरते. टोमॅटो नारिंगी होऊन तिथेच थांबलेत. सासूबाई म्हणतात सकाळी तोड, शेजारच्या काकू म्हणतात संध्याकाळी. तुम्ही काय करता?

जळगावची मावशी:
सासूबाईंचं ऐका. सकाळी ऊन चढायच्या आत तोडलेली भाजी टवटवीत असते, दुपारनंतर ती झाडावरच मलूल होते.

भेंडीचं म्हणाल तर लांबी बघू नका, फूल बघा. पिवळं फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. ज्या दिवशी उमललं त्या दिवशी त्याच्या देठाला लोकरीचा धागा सैल बांधा. तिथून चार ते सहा दिवसांत भेंडी तोडणीला येते, या उन्हात तर चौथ्या-पाचव्या दिवशीच घ्या. टोक वाकवून बघा: कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर निबर. दिवसाआड तोडा झालाच पाहिजे, मग हाती चारच भेंड्या लागोत. जून भेंडी झाडावर राहिली की झाड सगळा जोर बी भरण्यात घालतं आणि नवी फुलं कमी येतात. म्हणून जी निबर झाली तीही काढून टाका. ओढू नका, कात्रीने देठासकट कापा. आणि बाह्या लांब घाला, भेंडीच्या लवेने हाताला फार खाज सुटते.

दोडक्याच्या शिरेत नख सहज रुतलं की लगेच घ्या. काकडी पिवळट व्हायची वाट बघू नका, हिरवीगार असतानाच काढा.

नाशिककर:
टोमॅटोचं कारण ऊन आहे. तिशीच्या वर तापमान गेलं की लाल रंग नीट तयार होत नाही, म्हणून फळ नारिंगीच राहतं. पहिली लाली दिसली की तोडा आणि घरात सावलीत पसरून ठेवा, फ्रिजमध्ये नको. दोन-चार दिवसांत छान लाल होतात.

जळगावची मावशी:
अगदी बरोबर. एक महत्त्वाचं राहिलं. कडक ऊन आणि पाण्याची ओढ यांनी काकडी कडू होते. देठाकडची चकती आधी चाखा. पुढे दुधी लावलात तर त्याचीही फोड चाखूनच चिरा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. शिजवून तो कडूपणा जात नाही, उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात पोचतो. यात काटकसर नको.

सोलापूरची गच्ची:
आजच धागे बांधले, मावशी! पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी भेंडी राखायची तर?

जळगावची मावशी:
निरोगी झाड निवडा, पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं नको. भाजीचा बहर ओसरत आला की त्यावर दोन-तीन भेंड्या राखा. झाडावरच वाळून तपकिरी झाल्या आणि हलवल्यावर आत बी खुळखुळलं की काढा. आणि पावसाच्या आधी काढा, भिजलं तर बी काळं पडतं.