जॅक शार्की: कोणत्या लढती, कोणत्या क्रमाने पाहाव्यात?

उंबरठा
डेम्प्सी आणि जो लुई या दोन्ही जगज्जेत्यांशी लढलेला एकमेव हेवीवेट बॉक्सर म्हणजे जॅक शार्की. त्याच्या डाव्या हाताचं तोंड भरून कौतुक करणारेच पुढच्या वाक्याला 'भरवशाच्या म्हशीला टोणगा' म्हणतात. हे दोन्ही एकत्र दिसेल अशा चार-पाच लढती जाणकारांनी सुचवाव्यात. काय बघायचं तेही सांगा.

जुनी रीळ
सुरुवात २१ जुलै १९२७, यँकी स्टेडियम, समोर डेम्प्सी. आधी वेग तपासा. मूकपटाच्या जमान्यातलं चित्रण असल्यामुळे बऱ्याच प्रती भरभर पळतात आणि शार्की आहे त्याहून चपळ वाटतो. राउंडच्या १८० सेकंदांवर भिस्त ठेवू नका, कारण प्रती कापलेल्या असतात. (अमेरिकेत १९१२ ते १९४० लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी होती, त्यामुळे तुकडे इकडे तिकडे विखुरले.) शेवटच्या नॉकआउटला रेफ्री पडलेल्यावर दहा आकडे मोजतो, तेव्हा त्याचा हात मोजा. दहा आकडे साडेसात सेकंदांत संपत असतील तर वेग ०.७५ ठेवा.

पहिल्या राउंडमध्ये शार्कीचा डावा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) डेम्प्सीला हलवतो. तिथे त्याचा पुढचा पाय पाहा. आधी गुडघा आणि खांदा खोटं सांगतात, हात मागून येतो. पुढे डेम्प्सी अंगाला चिकटून पोटात मारत राहतो आणि शार्कीची कोपरं खाली येऊ लागतात. सातव्यात पट्ट्याच्या आसपास मारा होतो, शार्की तक्रार करायला रेफ्रीकडे मान वळवतो आणि डेम्प्सीचा डावा हूक हनुवटीवर बसतो. ठोसे पट्ट्याखाली, म्हणजे नियमबाह्य, होते की नाही यावर वाद घालणारे घालोत. हात खाली आणि नजर दुसरीकडे, चूक ती.

दोराला टेकून
क्रमाशी असहमत. आधी हरलेला शार्की पाहिला की पुढे सगळीकडे हरणाराच दिसतो. सप्टेंबर १९२९ ची टॉमी लॉफ्रनची लढत आधी लावा. लॉफ्रन म्हणजे लाइट हेवीवेटचा जगज्जेता, पायांचा उस्ताद, आणि शार्कीने त्याला तिसऱ्यातच संपवलं.

१९२६ चा हॅरी विल्सवरचा विजयही चांगला, पण विल्स ३७ वर्षांचा होता आणि निकाल तेराव्या राउंडमध्ये विल्सला बाद ठरवल्यामुळे लागला. त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये.

माझं गणित सरळ आहे: समोरचा लांबून, तंत्राने खेळला की शार्की राजा. कुणी बुटका खाली वाकून आत शिरला की जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) खालच्या दिशेने मारावा लागतो, खांदा हनुवटीपासून सुटतो आणि त्याची चिडचिड सुरू होते. १९३१ मध्ये मिकी वॉकर जवळपास २९ पौंडांनी हलका होता, उंची ५ फूट ७ इंच. तरी १५ राउंड बरोबरीत सुटले!

जुनी रीळ
@दोराला टेकून, गणित अर्धंच लागू पडतं. इटलीचा धिप्पाड कार्नेरा कुठे बुटका होता? ऑक्टोबर १९३१ मध्ये शार्कीने त्याला खाली पाडून १५ राउंडांत गुणांवर हरवलं. तोच कार्नेरा २९ जून १९३३ ला सहाव्यात उजव्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) शार्कीला झोपवून अजिंक्यपद घेऊन गेला. या दोन्ही लागोपाठ पाहा. लढत 'ठरवलेली' होती असा संशय तेव्हापासून आहे, शार्कीने तो कायम नाकारला. त्याचा साथीदार एर्नी शाफ त्याच फेब्रुवारीत कार्नेराशी लढल्यानंतर वारला होता, हेही डोक्यात असू द्या.

उंबरठा
आणि जर्मनीच्या श्मेलिंगशी झालेल्या लढती?

दोराला टेकून
दोन्ही पाहा. १२ जून १९३०: शार्की पुढे होता, चौथ्यात त्याचा ठोसा कंबरेखाली गेला, नियमभंगामुळे शार्की बाद. श्मेलिंग खाली पडल्या पडल्या जगज्जेता झाला. नंतर न्यूयॉर्कने अशा ठोशावर लढत जिंकायची सोयच काढून टाकली. २१ जून १९३२: शार्की २-१ मतांनी जिंकला आणि अजिंक्यपद त्याच्याकडे आलं. आवाज बंद करून, कागदावर राउंडनिहाय निकाल स्वतः लिहा. माझ्या मते श्मेलिंग थोडा वरचढ, पण शार्कीचा जॅब संपूर्ण लढतभर शिस्तीत आहे आणि ते क्वचितच पाहायला मिळतं.

उंबरठा
सरावात घेण्यासारखं काय?

जुनी रीळ
खांद्याची हुलकावणी. आरशासमोर २ मिनिटांचे ३ राउंड: गुडघा किंचित वाकवा, खांदा टाका, हात रोखा, तिसऱ्या वेळेस जॅब सोडा. नवशिक्यांचं चुकतं ते इथे: हुल देताना वजन पूर्ण पुढच्या पायावर जातं, मग खरा जॅब मारायला पायात काही उरत नाही. वजन निम्मं-निम्मं राहिलं पाहिजे.

दोराला टेकून
त्याला जोडून एक राउंड जोडीदारासोबत करा, १६ औंसांचे ग्लोव्ह्ज आणि गार्ड घालून. जोडीदाराने मधूनच पट्ट्यावर हलकी थाप मारायची. कोचकडे मान वळली की लगेच हनुवटीला ग्लोव्ह टेकवायचा. जोरात नाही, टेकवायचाच.