सिमेंट नव्हे, जाळी
अनेकदा म्हणतात की मोठेपणी मेंदू सिमेंटसारखा घट्ट होतो, म्हणून आळशी डोळा (लहानपणापासून मेंदू ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो असा कमजोर डोळा) सुधारत नाही. सिमेंट नको, जाळी म्हणा. दृष्टीच्या भागातल्या काही चेतापेशींभोवती वयानुसार साखर-प्रथिनांची जाळी विणली जाते. २००२ साली इटलीत पिझोरुसो, माफेई वगैरे संशोधकांनी प्रौढ उंदरांच्या मेंदूत कॉन्ड्रॉइटिनेज एबीसी हे जिवाणूंचं एन्झाइम टोचलं. त्यानं जाळीतल्या साखरेच्या साखळ्या कापल्या. मग एक डोळा शिवून बंद ठेवला, तर पेशी उघड्या डोळ्याकडे झुकल्या, म्हणजे त्यालाच जास्त प्रतिसाद देऊ लागल्या, अगदी पिल्लांत झुकतात तशा!

मेंदूचं स्वतःचं टीपीए नावाचं एन्झाइमही पेशींच्या अशा झुकण्यात मदत करतं. ते नसलेल्या उंदरांत ही लवचीकता मंदावते. गंमत म्हणजे पक्षाघातात गुठळी विरघळवायला देतात तेच हे. पण आळशी डोळ्यासाठी हे एन्झाइम मागायला लगेच डॉक्टरांकडे धावू नका. वरचा प्रयोग मेंदूत सुई खुपसून केलेला आहे, डोळ्यांत थेंब टाकून नव्हे.